घराचा उंबरठा आणि राज्याचा कायदा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आज आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही कायद्याचे पदवीधर नाही. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकी पत्करली आणि जन्मभर मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली. परंतु मास्तराच्या घरी लोक कागद घेऊन येतातच. कोणी भाडेकरार वाचावयास आणतो, कोणी सोसायटीची नोटीस आणतो, तर एखादी भगिनी हक्कसोडपत्रावर सही करावी की न करावी, हे विचारावयास येते. त्या वाचनातून जो बोध झाला, तो आपणांपुढे ठेवावा एवढाच आमचा हेतू आहे.

‘आपले घर, आपली मर्जी’ असे आपण सहज म्हणतो. तशी स्थिती वस्तुतः कधीच नव्हती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी कोणी काय खावे-प्यावे, कोणाच्या पंक्तीस बसावे, मुलगी कोणत्या घरी द्यावी, बिऱ्हाडकरू कोणास ठेवावे, हे ज्ञाती ठरवीत असे. ‘गाव करी ते राव न करी’ या म्हणीतला धाक ज्यांनी ऐकला आहे, त्यांस अधिक सांगणे नको. आज ती सत्ता राज्याच्या कायद्याकडे आली आहे. ज्ञातीचा नियम तोंडी असे आणि माणूस पाहून बदलत असे. कायदा लेखी असतो आणि ज्यास अक्षरओळख आहे त्यास तो वाचता येतो. तरीही आपण तो वाचत नाही.

लहान गोष्टींपासून आरंभ करू. शहरातील आपल्या परसातले झाड आपण लावले, आपण वाढविले. तरी ते तोडावयाचे झाल्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये परवानगी घ्यावी लागते. घरच्या कपाटात मद्याची बाटली ठेवणाऱ्याजवळ परवाना असावा, असा १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा दंडक महाराष्ट्रात अद्याप आहे. मद्य बरे की वाईट, हा येथे प्रश्न नाही. घराचे दार लावून घेतले म्हणजे कायदा बाहेर राहिला, ही समजूत खरी नाही, एवढेच दाखवावयाचे आहे.

आता घरभाड्याचा विषय. आपल्यातील कित्येक कुटुंबे घर वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवतात, पण भाड्याने देत नाहीत. ही भीती १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याच्या दिवसांतली आहे. त्या कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली होती, आणि एकदा आलेला भाडेकरू उठत नसे. तो कायदा जाऊन ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने अथवा लिव्ह अँड लायसन्स पद्धतीने देताना करार लेखी करून नोंदविणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ‘अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही’ ही आपल्यात रुजलेली समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. करार नोंदविला नाही, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. उलटपक्षी, रीतसर लिव्ह अँड लायसन्स करारान्वये राहावयास आलेला इसम मुदत संपूनही घर सोडीत नसेल, तर कलम २४ अन्वये त्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. म्हणजे मालकाचे रक्षण कुलूप करीत नाही, नोंदविलेला कागद करतो.

यापुढील विषय काहींस कडू वाटेल. वडिलोपार्जित घरात मुलीस मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क देण्याची दुरुस्ती महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून केली. त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली त्यात वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती मर्यादाही गेली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क निःसंदिग्धपणे मान्य केला. असे असता, राखीपौर्णिमेच्या ओवाळणीबरोबर बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवण्याची रीत आपल्या घरांतून गेलेली नाही. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार होय. परंतु ‘सही केली नाहीस तर माहेर तुटेल’ असे सांगून घेतलेल्या सहीस खुशी म्हणता येत नाही.

आणि येथेच आपल्या मंडळाचा प्रश्न येतो. अशी भगिनी, किंवा ज्ञातीबाहेर विवाह केलेला तरुण, यांच्याविषयी ‘मंडळाने काहीतरी निर्णय द्यावा’ असा आग्रह धरणारी माणसे सर्वच ज्ञातींत आढळतात. त्यांनी थोडा इतिहास ध्यानी घ्यावा. मुंबई राज्याने वाळीत टाकण्यास १९४९ मध्येच कायद्याने बंदी केली होती. धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा १९६२ मध्ये रद्द ठरविला. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा मंजूर केला व तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. त्यातील ‘जातपंचायत’ या शब्दाची व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. समाजातील व्यक्तींच्या चालीरीतींवर नियंत्रण ठेवणारी व त्यांच्या कौटुंबिक तंट्यांचा निवाडा करणारी कोणतीही समिती, मग ती नोंदलेली असो वा नसो, त्या व्याख्येत येते. आपले मंडळ नोंदणीकृत आहे, एवढ्याने आपण निवाडे करावयास मोकळे झालो, असे कोणी समजू नये.

मग मंडळाने करावे तरी काय? निवाडा करू नये, समज द्यावी. आमच्या तीन सूचना आहेत. भाडेकरार, वारसनोंद व सोसायटीतील नामनिर्देशन यांविषयी सोप्या मराठीत एक पत्रक छापून प्रत्येक सभासद-कुटुंबास द्यावे. सोसायटीच्या कागदावर नाव लागले म्हणजे मालकी मिळाली, असे होत नाही. इतर वारसांचा हक्क शिल्लक राहतो, ही एक गोष्ट कळली तरी भावाभावांतील कित्येक तंटे उभेच राहणार नाहीत. दुसरे, तंटा घेऊन येणाऱ्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मार्ग दाखवावा. स्त्रियांस तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसाहाय्य मिळते. तिसरे, ज्ञातिसूचीतून कोणत्याही घराचे नाव विवाहाच्या वा वाटणीच्या कारणाने वगळले जाणार नाही, असा ठराव याच संमेलनात संमत करावा.

बंधुभगिनींनो, ज्या संस्थेचे दार रुसलेल्या मुलीस आणि वेगळ्या वाटेने गेलेल्या मुलासही उघडे असते, तीच संस्था पुढच्या पिढीस आपली वाटेल. तिसऱ्या सूचनेचा विचार आपण आजच करावा, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.