माघार आणि मुसंडी



फुटबॉलच्या सामन्यात एखाद्या संघाने आपल्या गोलापुढे आठनऊ गडी दाटीने उभे केले की प्रेक्षक लगेच 'भ्याड खेळ' म्हणून गिल्ला करतात. या बदनाम डावाची बाजू आज आम्ही घेणार आहोत.

डावाचे मर्म सोपे आहे. आपण मागे सरलो की प्रतिपक्ष पुढे सरकतो. त्याचे बचावपटूसुद्धा मध्यरेषा ओलांडतात आणि त्यांच्या पाठीमागे मोकळे रान पडते. आपल्या चौघांची एक फळी, तिच्यापुढे चौघांची दुसरी, दोहोंत अंतर इतके थोडे की मधून पास निसटू नये. प्रतिपक्षाने कडेकडेने खुशाल खेळावे. मध्ये मात्र शिरू नये. चेंडू हाती लागताच (म्हणजे अर्थात पायी!) पहिला पास त्या रानात गेला पाहिजे. तेथे धावणारा गडी आधीच निघालेला हवा. चार क्षण दवडले की रान पुन्हा भरते.

नाशिककरांना हे नवे नाही. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजीमहाराज बागलाणातून परतत होते. दाऊदखान कुरेशी वाट अडवायला आला आणि वणी-दिंडोरीच्या परिसरात गाठ पडली. महाराजांनी लूट पुढे काढून दिली व लढाऊ घोडदळ मागे ठेवले. मोगलांच्या आघाडीवरचा इखलासखान मागच्या फौजेची वाट न पाहता तुटून पडला आणि जखमी होऊन कोसळला. लूट सुखरूप पार झाली. लढाईत माणसे मरतात, तिची खेळाशी बरोबरी आम्ही करीत नाही. एवढेच पाहावे की उतावळी आघाडी पिछाडीपासून तुटली, आणि मागे थांबणाऱ्यांना आपण कशासाठी थांबलो हे पक्के ठाऊक होते.

मिलानच्या इंटर संघाने एलेनियो एरेरा यांच्या शिकवणीखाली १९६४ व १९६५ साली युरोपियन कप जिंकला. बचावफळीच्याही मागे पिकी हा आणखी एक राखणदार असे. या रचनेला इटलीत 'कतेनाच्चो', म्हणजे दाराचा अडसर, म्हणतात. टीकाकारांना अडसर तेवढा दिसला. डावा बचावपटू फाक्केत्ती त्याच दारातून बाहेर धावत सुटे, हे त्यांनी पाहिले नाही. १९६५ च्या उपान्त्य फेरीत लिव्हरपूलवरचा निर्णायक गोल त्याचाच. पुढे १९६७ साली लिस्बनच्या अंतिम सामन्यात इंटरने सातव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला आणि मग दार लावून घेतले ते उघडलेच नाही. स्कॉटलंडच्या सेल्टिकने दोन गोल करून कप नेला. आमच्या मते तो पराभव डावाचा नव्हे, अर्ध्या डावाचा.

आपल्या शाळांच्या मैदानांवर हाच अर्धा डाव शिकवला जातो. समोर बलाढ्य संघ आला की मास्तर कडेवरून 'मागे या, मागे या' असे ओरडतात. मुले मागे येतात, चेंडू मिळवतात, आणि घाबरून जमेल तिकडे भिरकावतात. तो पुन्हा प्रतिपक्षालाच मिळतो. पाच गोल खाऊन पोरे मान खाली घालून घरी जातात. त्यांतली काही पुन्हा मैदानावर येत नाहीत. मिळालेला चेंडू कुठे द्यायचा, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

रहीमसाहेबांनी आपल्या गड्यांना ते सांगितले होते. १९६२ च्या जाकार्ता एशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाने भारताला आधी ०-२ असे हरवले होते. ४ सप्टेंबरला अंतिम फेरीत तोच संघ पुन्हा समोर आला. मधल्या फळीत फोर्तुनातो फ्रँको होते: मूळचे गोव्याचे, मुंबईच्या टाटा संघाचे हाफ. चेंडू अडवावा आणि लगेच पुढे द्यावा, ही हाफची दोन्ही कामे. जर्नेलसिंग हा तर अस्सल बचावपटू. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीवर धाडले. विसाव्या मिनिटापर्यंत पी. के. बॅनर्जी व जर्नेल यांनी दोन गोल चढवले. नंतर कोरियाने पुष्कळ धडका दिल्या. त्यांचा एकुलता गोल झाला तो पंच्याऐंशीव्या मिनिटाला. उरलेला वेळ भारताने निभावला आणि सुवर्णपदक घरी आले.