उलटतपासणीची मर्यादा



कॅसल हिल येथे जमलेल्या आम्हा सर्वांचे आप्त गावाकडे आहेत. उद्या त्यांपैकी कुणी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यास त्यांना हे ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते. उलटतपासणीत सूचक प्रश्न विचारता येतात, साक्षीदाराची विश्वासार्हताही पारखता येते. परंतु केवळ अपमानासाठी विचारलेला प्रश्न न्यायालयाने रोखलाच पाहिजे.

मथुरा प्रकरणात देसाईगंजच्या आदिवासी मुलीवर विश्वास न ठेवता सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावरील जनक्षोभातून १९८३ साली बलात्कारविषयक कायदा बदलला. २००२ च्या दुरुस्तीने बलात्काराच्या खटल्यात पीडितेच्या चारित्र्यावर प्रश्न विचारण्यास मनाई झाली. संमतीच्या मुद्द्यावरील ही मनाई २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे.

साक्षीदार हा आरोपी नव्हे, हे आम्ही घरोघरी सांगू या.