बंदिवासांत उमललेली प्रतिभा : टोंके द्राख्त

रात्रीची वेळ आहे. नगराबाहेरील एका लहानशा प्रार्थनामंदिरांत पांच तरुण जागरण करीत बसले आहेत. उजाडतांच राजाच्या हस्तें त्यांना सरदारकीची दीक्षा मिळावयाची आहे. तोंवर कोणाशीं बोलावयाचें नाहीं, बाहेरच्या कोणत्याही आवाजाकडे लक्ष द्यावयाचें नाहीं, असा कडक नेम आहे. इतक्यांत दारावर थाप पडते. कोणी तरी काकुळतीनें दार उघडण्याची विनवणी करीत असतें. सोळा वर्षांचा टिउरी क्षणभर घुटमळतो आणि नेम मोडून दार उघडतो.

डच लेखिका टोंके द्राख्त यांच्या 'राजासाठीं पत्र' या १९६२ सालच्या कादंबरीचा हा आरंभ. परराज्याच्या राजाला द्यावयाचें एक गुप्त पत्र टिउरीच्या हातीं येतें आणि पुढें रानावनांतून, डोंगर ओलांडून त्याचा प्रवास सुरू होतो. बंद दार उघडणारा हा मुलगा लेखिकेला कोठें भेटला असेल ? त्याचा माग तिच्या बालपणांत सांपडतो.

टोंके द्राख्त यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९३० रोजीं बटाव्हिया येथें, म्हणजे आजच्या जाकार्ता शहरीं झाला. जावा बेट तेव्हां डचांच्या अमलाखालीं होतें. १९४२ सालीं तें जपान्यांनीं जिंकलें आणि डच कुटुंबांची दशा पालटली. वडिलांची ताटातूट झाली. आई व बहिणी यांच्यासह टोंकेची रवानगी त्याच शहरांतील चिडेंग येथील छावणींत झाली. शहराच्या एका वस्तीलाच बांबूच्या तट्ट्यांचें कुंपण घालून ही छावणी केलेली होती. शेवटीं शेवटीं तेथें दहा हजारांहून अधिक बायकामुलें कोंबलेलीं होतीं. अन्न अपुरें आणि पुस्तकें दुर्मिळ.

वाचावयास पुस्तक नाहीं, तर तें आपणच लिहावें, असें या मुलीनें ठरविलें. एका मैत्रिणीच्या साथीनें, दोघींचें मिळून एक टोपणनांव घेऊन, तिनें कादंबरी लिहावयास घेतली. कागद म्हणजे हातीं लागेल तो. शौचकूपांतला कागदसुद्धां वर्ज्य नव्हता. कुंपणापलीकडे पाऊल टाकण्याची बंदी होती. कल्पनेला मात्र तशी बंदी घालणें कोणाला साधलें नाहीं.

१९४५ सालीं युद्ध संपलें. पुढें हें कुटुंब हॉलंडांत आलें. हेग येथील कलाशाळेंत शिक्षण घेऊन टोंके चित्रकलेच्या शिक्षिका झाल्या. वर्गांत गलबला वाढला कीं त्या गोष्ट सांगत, आणि मुलें गप्प होत. त्यांचें पहिलें पुस्तक १९६१ सालीं निघालें. दुसऱ्याच वर्षीं 'राजासाठीं पत्र' प्रसिद्ध झालें व १९६३ सालीं तें हॉलंडांतील वर्षाचें उत्कृष्ट बालपुस्तक ठरलें. आपल्या पुस्तकांतील चित्रेंही त्या स्वतःच काढीत.

१९६९ सालच्या त्यांच्या एका कादंबरीचें स्थळ आहे शुक्र ग्रह. तेथें माणसें एका प्रचंड घुमटाखालीं राहतात. बाहेरच्या अरण्यांत शिरण्यास सक्त मनाई आहे. नायक ती मनाई झुगारून अरण्यांत जातो. मंदिराचें दार, शुक्रावरील घुमट आणि बांबूचें कुंपण यांचें नातें चाणाक्ष वाचकाच्या ध्यानीं आल्यावांचून राहत नाहीं.

मात्र बंधन मोडा, एवढेंच या कथा सांगत नाहींत. टिउरी नेम मोडतो तो स्वतःच्या सुखासाठीं नव्हे. दारावर थाप मारणाऱ्याला मदत हवी आहे, आणि ती नाकारल्यास हाताशीं आलेली सरदारकी आपल्याला शोभणार नाहीं, हें तो जाणतो. मिळावयाचा मान गमावून तो निघतो. पत्र शत्रूच्या हातीं पडण्याचें भय उपजतांच त्यांतील परक्या भाषेंतील मजकूर, अर्थ न कळतांही, तोंडपाठ करतो. अखेर राजा त्याला सरदारकी देतो, ती नेम पाळल्याबद्दल नव्हे, तर दिलेला शब्द पाळल्याबद्दल.

१९७६ सालीं टोंके द्राख्त यांना बालसाहित्याचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. २००४ सालीं, मागील पन्नास वर्षांत गौरविलेल्या पुस्तकांतून 'राजासाठीं पत्र' हेंच सर्वोत्तम ठरलें. इंग्रजी वाचकांना मात्र तें २०१३ सालीं, म्हणजे एकावन्न वर्षांनीं लाभलें. १२ जुलै २०२४ रोजीं वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं त्या निवर्तल्या.

छावणीचें कुंपण केव्हांच नाहींसें झालें. पण मुलें तें पुस्तक उघडतात, तेव्हां दारावरची ती थाप पुनः ऐकूं येते. आणि आपण असतों तर दार उघडलें असतें काय, हा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो.