वणीचें पाणी आणि कोळंबीचीं तळीं

वणीच्या माणसाला समुद्र पाहण्याची इच्छा झाली म्हणजे तो मुंबईची गाडी पकडतो. वणीचें पाणी मात्र नेमकें उलट्या दिशेनें समुद्राला जाऊन मिळतें. गांवाजवळून वाहणारी निर्गुडा वर्धेंत पडते; पुढें वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरींत मिसळते, आणि आंध्रांत धवळेश्वरमच्या खालीं गोदावरीचे गौतमी व वसिष्ठा असे फांटे होऊन तें पाणी बंगालच्या उपसागरांत शिरतें. या मुखाशीं भातखाचरांच्या शेजारीं आज कोळंबीचीं तळीं पसरलेलीं आहेत. विदर्भांत जिला झिंगा म्हणतात तीच ही कोळंबी; परंतु येथें ती धरली जात नाहीं, पिकविली जाते.

नदी समुद्राला नुसतें पाणी देत नाहीं. दख्खनच्या काळ्या पाषाणांतून झिजून विरघळलेली सिलिका ती बरोबर नेते. खाडींतील पाण्याच्या एका थेंबांत, डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा हजारों वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. त्यांपैकीं करंडक वनस्पती, म्हणजेच डायाटम, आपलें कांचेसारखें कवच या सिलिकेचें बनवितात. त्यांवर बारीक प्राणिप्लवक चरतात, आणि प्राणिप्लवकांवर माशांचीं पिलें. कोळ्याच्या जाळ्यांत जें कांहीं येतें, त्याची सुरवात अशी दगडांत झालेली असते.

आतां तळ्याकडे वळावें. एक टन कोळंबी वाढविण्यास सुमारें दीड टन खाद्य लागतें, आणि त्यांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक प्रथिनें असतात. त्या खाद्यांतील नत्रापैकीं जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा कोळंबीच्या अंगीं लागतो. उरलेला विष्ठा, अमोनिया व न खाल्लेलें अन्न या रूपानें पाण्यांत व तळच्या गाळांत राहतो. पीक काढतांना हें पाणी खाडींत सोडून देतात. गाळ ढवळून निघाल्यामुळें शेवटचें पाणी सर्वांत घाण असतें.

खत म्हटलें म्हणजे पीक जोमानें यावें, तसें खाडींतहि येतें, पण कोणतें? नत्र व स्फुरद वाढले आणि सिलिका होती तेवढीच राहिली, तर करंडक वनस्पती मागें पडून निळ्या-हिरव्या शेवाळासारख्या दुसऱ्या जाति माजतात. प्राणिप्लवकांना त्या पचत नाहींत. पाणी हिरवेंगार दिसतें, पण पंगत मांडूनहि जेवणारा उपाशी, अशी गत होते. शिवाय दिवसा प्राणवायु सोडणारें हेंच शेवाळ रात्रीं तो ओढून घेतें. मेलेलें शेवाळ कुजतांना आणखी ओढला जातो. पहांटे मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडतात, तें यामुळें.

याचा धडा आंध्रांतच, नेल्लोर जिल्ह्यांतील कंडलेरू खाडीवर मिळाला. खाडीच्या दोन्ही तीरांवर तळीं झालीं. प्रत्येक जण त्याच खाडींतून पाणी घेई आणि त्याच खाडींत सोडी. म्हणजे एकाचें सांडपाणी तेंच दुसऱ्याचें पिण्याचें पाणी. १९९४ सालीं रोग आला, आणि पिकेंच्या पिकें गेलीं. हें नुकसान मालकांचें. पण ज्यांचें एकहि तळें नव्हतें अशा कोळ्यांच्या जाळ्यांत आणि गांवकऱ्यांच्या खारट झालेल्या विहिरींत जें नुकसान होतें, त्याचा हिशेब कोणी मांडावयाचा?

तो मांडण्याचें काम नागपुरास आलें, हें विदर्भाला ठाऊक असावें. तमिळनाडूंतील गांधीवादी कार्यकर्ते एस. जगन्नाथन् यांनीं सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली, तेव्हां न्यायालयानें नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेस, म्हणजे 'नीरी'स, पाहणी करावयास सांगितलें. संस्थेच्या तज्ज्ञांनीं किनारे पाहिले, आणि उत्पन्नाहून नुकसान मोठें आहे असा अभिप्राय दिला. ११ डिसेंबर १९९६ रोजीं न्यायालयानें निकाल दिला: किनारा-नियंत्रण क्षेत्रांतील, परंपरागत पद्धतीचीं सोडून, सर्व तळीं काढून टाकावीं आणि बिघाड करणाऱ्यानेंच भरपाई द्यावी. निकाल मोठा, अंमल तितका झाला नाहीं. २००५ सालीं संसदेनें निराळा कायदा करून तटीय जलकृषि प्राधिकरण नेमलें व धंदा परवान्याखालीं चालूं राहिला. २००९ पासून अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची व्हॅनामी कोळंबी आली. ती दाट पोसतां येते, म्हणून खाद्यहि दाट पडतें.

धंद्यालाच दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. त्यावर हजारों संसारांची चूल पेटते. सांडपाणी कांहीं दिवस निवळण्याच्या तळ्यांत थांबविलें, त्यांत कालवें व समुद्रशेवाळ वाढविलें आणि मग तें खारफुटींतून सोडलें, तर बराच नत्र वाटेंत अडतो. अडचण जमिनीची आहे. निवळण-तळ्याला दिलेली जागा पीक देत नाहीं, आणि लहान शेतकऱ्याजवळ मुळांत जागा थोडी.

त्यांतून काळ वाईट येतो. एप्रिल-मे महिन्यांत गोदावरीचें पाणी धवळेश्वरमच्या बंधाऱ्याशीं कालव्यांत वळतें, खाडीपर्यंत फारच थोडें पोंचतें. सांडपाणी पातळ करावयास गोडें पाणी नाहीं, करंडक वनस्पतींना नवी सिलिका नाहीं. ओहोटीनें बाहेर नेलेलें पाणी सहा तासांनीं भरती पुष्कळसें परत आणते. आणि उन्हाळी पिकाचीं तळीं उपसलीं जातात तीं याच दिवसांत, इकडे वणीस निर्गुडेचे दगड उघडे पडलेले असतात तेव्हां.