गाडीचा पुढचा आस आणि गाडीखालचा माणूस



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, साहित्य ऐकता, अर्थशास्त्रही ऐकता. आज आम्ही आपणांस मोटारीखाली नेणार आहोत. मोटारीच्या पुढच्या चाकाला फिरविणारा जो आस, ज्याला गॅरेजात ‘ॲक्सल’ किंवा ‘ड्राइव्ह शाफ्ट’ म्हणतात, तो घरी बदलता येतो काय, आणि बदलावयाचा तर कसा, हा आजचा विषय. आमच्याजवळ पदवी नाही. आमचे शिक्षण यंत्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा हाताने केलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच सांगू.

आधी यंत्र समजून घेऊ. ॲम्बॅसडर काय किंवा प्रीमियर पद्मिनी काय, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर अशी त्यांची रचना होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. परंतु आजच्या बहुतेक लहान गाड्यांत रचना तीच आहे. या रचनेत पुढच्या चाकाला गाडी ओढावी लागते, वळावे लागते आणि खड्ड्यात वरखालीही व्हावे लागते. मग सरळ दांड्याने वळलेले चाक फिरवावे कसे? साधा सांधा घातला तर तो वाकलेला असताना एका फेऱ्यात दोनदा त्याची गती कमीजास्त होते आणि चाक हिसके देते. यावर अल्फ्रेड झेप्पा नावाच्या इंजिनियराने १९२० नंतरच्या दशकात उपाय काढला. एक वाटी, तिच्या आत दुसरा गोल भाग, आणि दोहोंमधल्या वक्र खोबणींतून सरकणाऱ्या सहा पोलादी गोळ्या. सांधा वाकला तरी गती एकसारखी राहते. १९५९ साली इंग्लंडात निघालेल्या मिनी या छोट्या गाडीत याच जातीचा सांधा होता.

या सांध्याचा शत्रू कोण? धूळ आणि पाणी. म्हणून तो ग्रीसने भरून वर चुण्यांचा रबरी बूट चढवितात. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, चिखल आत जातो आणि गोळ्या व खोबणी झिजू लागतात. पुढे चाक पूर्ण वळवून गाडी काढली की कट-कट असा आवाज येतो. आवाज येण्यापूर्वीच फाटका बूट दिसला तर बूट आणि ग्रीस बदलून काम भागते. आवाज आल्यावर बहुधा सांधा किंवा सबंध आस घ्यावा लागतो.  चाक वळवून, त्याच्या आतल्या बाजूस काळे ग्रीस उडाले आहे काय, एवढे आपण उद्या सकाळीच पाहावे.

आता काम. जमीन सपाट आणि कठीण हवी. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावे, हँडब्रेक ओढावा. चाकाच्या मधोमध जो मोठा नट असतो तो फार घट्ट असतो. म्हणून त्याची पिन काढून, चाक जमिनीवर असतानाच तो सैल करावा. मग गाडी जॅकवर उचलावी आणि गाडीच्या पुस्तकात दाखविलेल्या जागी लोखंडी घोडी लावावी. जॅक हा उचलण्यासाठी आहे, तोलून धरण्यासाठी नव्हे. घोडीवर भार घेतल्यावर गाडी हाताने हलवून पाहावी आणि मगच चाक काढावे.

पुढे खालचा बॉल जॉइंट सोडवून हब बाहेर ओढला की आसाचे टोक त्यातून निघते. ब्रेकची रबरी नळी ताणू देऊ नये. कॅलिपर काढावा लागल्यास तो तारेने वर बांधावा. गिअरबॉक्सकडचे टोक पहारीने हलकेच उचकटावे. दांडा धरून ओढू नये, कारण आतला सांधा निखळतो. तेल सांडेल, म्हणून खाली परात ठेवावी. तेलाचे सील नवे घालावे. नवा आस जुन्याशेजारी ठेवून लांबी ताडून पाहावी; डावा-उजवा बहुधा सारखा नसतो. आत बसताना त्याची रिंग टक्‌ असा आवाज करते. तो ऐकल्यावरही आतला सांधा किंचित ओढून खात्री करावी. मधला नट नवा घ्यावा आणि पुस्तकातल्या मापाने टॉर्कच्या पान्ह्याने आवळावा. तो आवळल्याशिवाय गाडीचा भार त्या चाकावर घेऊन ती ढकलू नये, बेअरिंग खराब होते. शेवटी गिअरबॉक्सचे तेल पुरे करावे.

कोणी विचारील, कामगार संघटनेचा माणूस कारागिराचे काम घरी करावयास सांगतो, हे कसे? त्याला आमचे उत्तर असे की, ज्याने तो मोठा नट एकदा स्वतः सोडविला आहे, तो मजुरीत घासाघीस करीत नाही. सपाट जमीन, घोडी आणि हाताशी दुसरा माणूस, यांतले एक जरी नसेल तरी काम हाती घेऊ नये, कारागिराकडे जावे. पण तेथेही डोळे उघडे ठेवून जावे.

आमच्या कचेरीत एकदा एक बाई आल्या. त्यांचे यजमान रस्त्याकडेच्या एका गॅरेजात कामाला. गाडी जॅकवर, आणि आधाराला दोन विटा. आस उचकटताना हिसका बसला, विटा फुटल्या, आणि त्या गृहस्थांचा उजवा खांदा कायमचा गेला. त्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते. गॅरेजचा मालक कर्जात बुडालेला, तोही दिवसभर गाडीखालीच निजणारा. दोन-चार माणसांचे गॅरेज कायद्याच्या दृष्टीने कारखाना ठरत नाही. तेथे निरीक्षक फिरकत नाही. भरपाई मागावी कोणाकडे? बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. गाडीचे धनी त्या वेळी जवळच उभे होते आणि ‘अजून किती वेळ’ म्हणून तीनदा विचारून गेले होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. विटांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, इतकेच.

आता आपणांस तो ठाऊक झाला आहे. गॅरेजात गाडी दिली की खर्च विचारण्याआधी घोडी कोठे आहे ते विचारावे. नसेल तर ‘घोडी आणा, आम्ही थांबतो’ असे म्हणावे, आणि त्यापायी बिलात चार पैसे वाढले तर ते द्यावे. गाडीखाली चौदा वर्षांखालचे पोर दिसले तर गाडी परत न्यावी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्या वयाच्या मुलाला अशा कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. जेथे निरीक्षक पोचत नाही तेथे गिऱ्हाईक रोज पोचते. त्या माणसाच्या अंगावर जी गाडी तोललेली असते ती आपली असते. ती कशावर तोलली आहे, हे वाकून पाहणे आपल्याकडे लागते.