आपले प्रश्न आपणच तपासू या
(नाशिकमध्ये पदवीधर मुला-मुलींसमोर केलेले भाषण)



शिक्षणशास्त्रात एम.फिल. करायचं ठरवलं तेव्हा अम्मीने विचारलं होतं, "बी.एड. झालंय ना, मग आता हे कशाला?" तुमच्याही घरी हा सवाल येणार, म्हणून आज त्यावरच बोलते.

मुसलमान मुलांना मदरशात घालतात म्हणून ती मागे राहतात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. २००६ साली सच्चर समितीने आकडे मांडले. शाळेच्या वयाच्या मुस्लीम मुलांपैकी मदरशात जाणारी फक्त ३ टक्क्यांच्या आसपास निघाली. म्हणजे शोध घ्यायचा तो शाळेचा, गरिबीचा आणि गळतीचा. समजूत आणि संशोधन यांत एवढा फरक असतो.

पण दिल्लीच्या समितीला प्रत्येक मोहल्ला दिसत नाही. तो तुम्हाला दिसतो. 'मुस्लिमांचे शैक्षणिक मागासलेपण' हा संशोधनाचा विषय नव्हे, तो भाषणाचा विषय. 'जुन्या नाशकात उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलींना अकरावीत भाषेच्या कोणत्या अडचणी येतात?' हा विषय झाला. त्यासाठी हजेरीपट पाहावे लागतात, मुली, आया, शिक्षक यांच्याशी बोलावं लागतं, परवानगी घ्यावी लागते, नावं गुप्त ठेवावी लागतात. आणि उत्तर आपल्या मनासारखं आलं नाही तरी तेच लिहावं लागतं. समाजाची बदनामी होईल म्हणून लपवायचं नाही, टाळ्या मिळतील म्हणून वाढवायचं नाही.

आता रस्ता सांगते. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी एम.फिल. बंद झाली. कुणी आज एम.फिल.ला प्रवेश देतो म्हणाला, तर पैसे भरू नका. बी.एड. झालेल्यांना एम.एड. आहे, त्यात लघुप्रबंध लिहावा लागतो. बी.एड. नसेल तर एम.ए. शिक्षणशास्त्र पाहा. गंगापूर धरणाजवळचं आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे, तिथे चौकशी करा. पुढे पीएच.डी.साठी पदव्युत्तरला ५५ टक्के गुण लागतात.

पैशाचं काय? मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. पीएच.डी.ची स्वप्नं पाहणाऱ्या आपल्या मुलांना हा मोठा फटका आहे, त्याबद्दल आवाज उठवत राहू. पण थांबू नका. नेट परीक्षेत शिक्षणशास्त्र हा विषय आहे. जेआरएफ मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. बागवान, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. त्यांनी जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर आजच काढून ठेवावं आणि महाज्योतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. जाहिरात आल्यावर कागद काढायला धावलात तर मुदत निघून जाते.

शेवटचं सांगते. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिबांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. त्या फातिमा शेख यांच्याविषयी आपल्याला फार थोडं ठाऊक आहे, कारण त्यांच्या कामाची नोंद कुणी ठेवली नाही. आज आपल्या गल्लीतही कुणी आपा दहा मुलींना घरात बसवून शिकवत असेल. तिची नोंद कोण ठेवणार? अम्मीच्या सवालाचं माझं उत्तर हेच आहे.