किंकाळी ऐकू येण्याइतकी शांतता



व्याख्यानमालेच्या समितीने मला आजचा विषय कळवला तो असा : 'युद्ध, गुन्हे आणि रोजची कटकट : काही वैयक्तिक मतं'. मी कान-नाक-घशाची डॉक्टर. युद्धावर बोलायला सेनाधिकारी हवेत, गुन्ह्यावर बोलायला वकील हवेत. तरी मी होकार दिला, कारण या तिन्हींबद्दल माझं मत एकच आहे आणि ते मी कित्येक वर्षं उराशी बाळगलं आहे. ज्या वस्तीत एका माणसाची हाक दुसऱ्याला ऐकू येत नाही, त्या वस्तीत कोणीच सुरक्षित नसतो. आणि ती हाक ऐकू येऊ न देणारा जो गोंगाट आहे, त्याला आपण कटकट म्हणतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करतो.

कानाची रचना आपण सगळे शाळेत शिकलो आहोत, त्यामुळे पडदा, तीन हाडं वगैरे मी सोडून देते. एवढंच लक्षात घ्या की कानाच्या आतल्या शंखात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. त्यांच्यावर गोंगाटाचा मारा होतो तो उभ्या पिकातून गुरं जावीत तसा. एकदा गेली तर पीक पुन्हा मान वर काढतं, रोज गेली तर शेत बसतं. माणसाच्या कानात ही पेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी आधी जातात, म्हणजे 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजनं आधी जातात. म्हणून गोंगाटाने कान गेलेला माणूस माझ्यासमोर बसून सांगतो, "डॉक्टर, ऐकू येतं, पण समजत नाही." (हशा) हसू नका. हे वाक्य आता तिशीतली मुलंही बोलतात.

डेसिबलचा हिशेब मात्र सांगावाच लागेल, कारण तो नेहमीच्या गणितासारखा चालत नाही. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर १०५ सहज भरतात. पंचेचाळीस आणि एकशे पाच, म्हणजे दुपटीहून थोडं जास्त असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती ऊर्जा दहा लाख पट असते. "थोडा आवाज वाढवला तर काय बिघडलं?" असं विचारणाऱ्याला हा आकडा सांगत चला.

आता गुन्ह्याकडे येते. जानेवारी १९९८ मध्ये एक बातमी वर्तमानपत्रांत आली. तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती, पण शेजारी लाउडस्पीकरवर गाणी लागली होती. कोणालाही काही ऐकू गेलं नाही. त्याच संध्याकाळी त्या मुलीने स्वतःला जाळून घेतलं. ही बातमी वाचून एक अभियंता सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या याचिकेवर १८ जुलै २००५ रोजी सरन्यायाधीश लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान यांनी निकाल दिला. ध्वनिप्रदूषणावरचा देशातला हा सर्वांत महत्त्वाचा निकाल. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवण्याच्या मर्यादेची चर्चा होते तेव्हा लोकांना वाटतं की कुणा चिडक्या म्हाताऱ्याला झोप येत नव्हती, म्हणून नियम झाला. या निकालाच्या मुळाशी एक मुलगी आहे आणि तिची कोणापर्यंत न पोचलेली किंकाळी आहे, हे आपल्या शाळांमध्ये शिकवलं पाहिजे.

इथे मला एक परदेशातली घटना सांगायची आहे. दोन मिनिटांत सांगते. १३ मार्च १९६४. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं क्यू गार्डन्स. पहाटेचे तीन वाजून गेले होते. किटी जेनोव्हीज ही अठ्ठावीस वर्षांची मुलगी कामावरून घरी परतत होती. एका अनोळखी माणसाने तिला भोसकलं. दोन आठवड्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर छापलं की अडतीस शेजारी खिडकीतून पाहत राहिले आणि हल्ला सुरू असताना एकानेही पोलिसांना कळवलं नाही. ही कथा जगभर गेली. आपल्याकडेही 'शहरी माणूस दगड झाला' म्हणून व्याख्यानांतून सांगितली गेली. बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यावरून प्रयोग केले. ते प्रयोग महत्त्वाचे आहेत, त्यांच्याकडे मी परत येईन.

पण ती कथा बरीचशी खोटी होती. 'टाइम्स'ने २०१६ मध्ये स्वतःच मान्य केलं की त्या बातमीत साक्षीदारांची संख्या आणि त्यांनी काय पाहिलं ते फुगवलं होतं. मग त्या पहाटे खरं काय झालं? (घड्याळाकडे पाहू नका, हे मला पूर्ण सांगू द्या.) ती किंचाळली. रस्ता शांत होता, म्हणून वर एका माणसाने ती किंकाळी ऐकली. त्याने खिडकी उघडून ओरडून सांगितलं की त्या मुलीला सोड. आणि हल्लेखोर पळाला! एका आवाजाने तो पळाला. किटी जखमी अवस्थेत इमारतीच्या मागच्या दाराशी गेली. पुढे काय झालं हे बहुतेकांना दिसलं नाही, कारण ती बाजू रस्त्यावरून दिसत नव्हती. थोड्या वेळाने हल्लेखोर परत आला आणि त्याने तिला तिथे गाठलं. कळल्यावर सोफिया फॅरार ही शेजारीण धावत खाली गेली. मारेकरी अजून तिथेच असेल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. तरी ती गेली आणि किटीला कवेत घेऊन बसली.

मी हे एवढं लांबवून सांगते आहे, कारण ज्या घटनेवरून 'माणसं निर्दय असतात' असं सगळ्या जगाने ठरवलं, तीच घटना दाखवते की माणसाला ऐकू आलं तर तो खिडकी उघडतो. त्या तेरा वर्षांच्या मुलीच्या शेजाऱ्यांना निर्दय म्हणायलाही आपल्याला जागा नाही. त्यांना खिडकी उघडायची संधीच मिळाली नाही. ती संधी लाउडस्पीकरने हिरावली.

आता युद्ध. गोंगाट हे शस्त्र आहे, हे सेनांना फार पूर्वीच कळलेलं आहे. १९८९च्या डिसेंबरात अमेरिकेने पनामावर स्वारी केली तेव्हा तिथला हुकूमशहा नोरिएगा पोपच्या दूतावासात लपला. अमेरिकी सैनिकांनी बाहेर मोठमोठे स्पीकर लावून रॉक संगीत वाजवायला सुरुवात केली. (हशा) हो, हसू येतं. पण आत धर्मगुरू राहत होते. व्हॅटिकनने हरकत घेतली, संगीत बंद करावं लागलं. ३ जानेवारी १९९० रोजी नोरिएगा शरण आला. पोपचे प्रतिनिधी लाबोआ दहा दिवस त्याच्याशी बोलत राहिले होते. माझ्या मते त्या स्पीकरांनी जे केलं नाही, ते या बोलण्याने केलं.

याहून अलीकडचं उदाहरण कोरियाचं आहे. दोन्ही कोरियांच्या सीमेवर कित्येक दशकं एकमेकांच्या दिशेने तोंड करून भोंगे लावलेले होते. करार झाला की बंद, बिघडलं की सुरू. २०२४च्या जूनमध्ये दक्षिणेने ते पुन्हा सुरू केले. उत्तरेने उत्तरादाखल चित्रविचित्र आवाज सोडायला सुरुवात केली : भेसूर, किंचाळल्यासारखे. सीमेलगतच्या गंगह्वा बेटावरच्या गावकऱ्यांची झोप उडाली. त्यांच्या गावांवर एकही गोळी सुटली नव्हती, तरी त्या लोकांच्या घरात युद्ध रोज रात्री येत होतं. २०२५च्या जूनमध्ये दक्षिण कोरियाच्या नव्या सरकारने आपले भोंगे बंद केले. आणि दुसऱ्या दिवसापासून उत्तरेचेही बंद झाले! एकमेकांना युद्धाच्या धमक्या देणारे दोन देश. मग एकाच गल्लीतल्या दोन मंडळांना हे का जमू नये? (टाळ्या) त्यांनी लावला म्हणून आम्ही लावला, हे वाक्य कोणीतरी आधी सोडलं पाहिजे.

(मागच्या बाजूने एक श्रोता : "आमच्याच सणांवर का?")

उभे राहून विचारलंत हे बरं केलंत. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि तो टाळून मला इथून जायचं नाही. मी कोणत्याही सणाविरुद्ध बोलत नाही. माझ्या घरी गणपती बसतो, आरती होते, टाळ वाजतात. नियमात धर्माचं नाव नाही. २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जो निकाल दिला, तो कुर्ल्याच्या नेहरूनगर आणि चुनाभट्टी भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवरचा होता. त्यांची तक्रार तिथल्या मशिदी आणि मदरशांच्या भोंग्यांबद्दल होती. न्यायालय म्हणालं की लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि आवाजाची मर्यादा सगळ्यांना लागू आहे. लग्नाच्या वरातीला लागू आहे, उमेदवाराच्या प्रचाराला लागू आहे.

परंपरेबद्दलही सांगते. लोकमान्यांनी १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली तेव्हा विजेवर चालणारा लाउडस्पीकर जगात कुठेच सभेत नव्हता. त्याचं मोठं जाहीर प्रात्यक्षिक सॅन फ्रान्सिस्कोत १९१५ मध्ये झालं. लोकमान्यांनी हजारोंच्या सभा आपल्या गळ्यावर पेलल्या. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या स्पीकरशिवाय शतकानुशतकं चालल्या. जी वस्तू शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, तिला धर्माचा भाग म्हणणं हा आपल्या पूर्वजांच्या कंठाचा अपमान आहे. (टाळ्या)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. मला हॉर्नबद्दल सविस्तर बोलायचं होतं, ते आता एका वाक्यात : मुंबई पोलिसांनी काही चौकांत सिग्नलला ध्वनिमापक जोडला, हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा सुरुवातीपासून मोजायला लागायचा. २०२०च्या जानेवारीत त्याची चित्रफीत गाजली. शिक्षा कोणाला झाली नाही, फक्त वाट पाहावी लागली. उपाय सापडतात, ते टिकवायची इच्छा लागते.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. लाताने आणि डार्लींच्या प्रयोगाकडे येते म्हटलं होतं. त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळ्या खोलीत बसवलं आणि यंत्रावरून दुसऱ्याला अपस्मारासारखा झटका आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतो आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के तो त्रास सुरू असतानाच मदतीला उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के उठले. बाकीचे दगड नव्हते. त्यांना वाटलं, दुसऱ्या कोणीतरी कळवलं असेल.

रात्री अकरा वाजता आपल्या गल्लीत भोंगा वाजतो तेव्हा हेच होतं. दहा घरांत लहान मुलं दचकून उठतात, एखाद्या घरात हृदयरोगी कूस बदलत राहतो, आणि प्रत्येकाला वाटतं की कोणीतरी ११२ला फोन केला असेल. एखादा करतो. मग सकाळी सगळी गल्ली त्याच्याकडे बोट दाखवते. उच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं आहे की तक्रार करणाऱ्याची ओळख विचारू नका, कारण त्याला त्रास दिला जातो. हे न्यायालयाला सांगावं लागलं, याचा अर्थ गल्लीने त्याला एकटं पाडलं होतं.

म्हणून इथे बसलेल्या प्रत्येकाकडे माझी एक मागणी आहे. पहिला फोन करण्याचं धैर्य सगळ्यांकडे नसतं, ते मी मागत नाही. पण तुमच्या शेजाऱ्याने पहिला फोन केला आहे असं कळलं, तर दुसरा तुम्ही करा, आणि सकाळी त्याच्याकडे चहाला जा. सगळ्यांसमोर जा. एका तक्रारीला कटकट म्हणून झटकता येतं. दहा घरांतून आलेल्या दहा तक्रारींना कटकट म्हणता येणार नाही, त्याला वस्तीचं मत म्हणावं लागेल. आणि ज्या वस्तीने रात्री शेजाऱ्यासाठी फोन उचलायची सवय लावून घेतली, ती वस्ती एखाद्या मुलीची हाक आली तर दारं उघडेल. याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.